रंगीत सांडपाणी आणि सच्छिद्र कार्बन: सोलापुरात पहिला प्रयोग लावणाऱ्यांसाठी

टॉवेलचं सूत गडद निळ्या किंवा काळ्या रंगात निघालं की हौदातलं पाणी सुटतं आणि मागोमाग धुण्याची तीन-चार पाणी. शेवटच्या पाण्यातही रंग दिसतोच, कारण लिटरमागे एक मिलिग्रॅम रंगसुद्धा नुसत्या डोळ्यांना कळतो. रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग सुतावर बसतच नाही. सोड्याच्या गरम पाण्यात तो धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो, म्हणजे हायड्रोलाइज होतो, आणि मग त्याला धागा पकडता येत नाही. असा रंग पुन्हा वापरता येत नाही आणि जिवाणूंच्या टाकीतही तो सहज पचत नाही. सच्छिद्र, म्हणजे ॲक्टिव्हेटेड, कार्बनचा विषय इथून सुरू होतो.

अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांच्या पाण्यावर प्रकल्प करणारे रसायनशास्त्राचे आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तसंच स्वतःच्या डाईंगचं पाणी नीट करू पाहणारे तरुण कारखानदार, या दोघांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कार्बन रंगाचा नाश करत नाही. तो रंग पाण्यातून उचलून स्वतःच्या छिद्रांत ठेवतो. म्हणून प्रश्न तीन: किती उचलतो, किती वेळात उचलतो आणि भरलेल्या कार्बनचं पुढे काय करायचं. पाणी पांढरं दिसलं एवढ्यावर थांबलात तर यातल्या एकाचंही उत्तर हाती लागत नाही.

आधी रंगाचं घराणं विचारा

बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पळण्याआधी डाईंग मास्तरांकडे पाच मिनिटं बसा. रंग रिॲक्टिव्ह, डायरेक्ट, व्हॅट की सल्फर? मीठ किती, सोडा की कॉस्टिक, हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट, व्हॅट रंग विरघळवणारी पावडर) घातलं होतं का, ब्लीचिंगचं पाणी याच गटारात येतं का? ही उत्तरं वहीत लिहून ठेवा.

रिॲक्टिव्ह आणि डायरेक्ट रंग पाण्यात विरघळतात आणि त्यांच्या रेणूवर ऋण प्रभार असतो. कार्बनची खरी गरज इथे आहे. व्हॅट रंग धाग्यात शिरतो तो हायड्रो आणि कॉस्टिकमध्ये विरघळलेल्या रूपात. हवा लागली की तो पुन्हा न विरघळणारा कण होतो. असे कण तुरटीने किंवा फेरस सल्फेट-चुन्याने खाली बसतात. त्यांच्यासाठी महागडा कार्बन वापरणं म्हणजे चाळणीने होणारं काम गाळणकापडाला देणं, आणि वर छिद्रांची तोंडं बुजतात ती वेगळीच. सल्फर रंगाचं पाणी असेल तर एक इशारा: त्यात आम्ल कधीही ओतू नका. हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि तो जीव घेऊ शकतो. हायड्रोच्या पाण्यात आम्ल पडलं तर सल्फर डायऑक्साइड सुटतो, तोही छातीत बसणारा.

हायड्रो ओळखायची सोपी पद्धत आहे. एकाच पाण्याचे दोन ग्लास घ्या. एक काठोकाठ भरून झाकून ठेवा. दुसरा अर्धा भरा, या भांड्यातून त्या भांड्यात दहा-बारा वेळा उंचावरून ओता आणि अर्धा तास उघडा ठेवा. दुसऱ्याचा रंग बदलला किंवा गडद झाला तर पाण्यात हायड्रो शिल्लक आहे. इंडिगोसारखा निळा रंग हायड्रोत पिवळसर होतो. असं पाणी कार्बनवर टाकलं की ते स्वच्छ झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत पुन्हा निळं दिसतं. म्हणून आधी भरपूर हवा द्या, मगच मोजमाप करा.

कशाचा कार्बन करायचा

घरच्या चुलीतला कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साध्या कोळशात छिद्रं कमी आणि डांबराने बुजलेली. ॲक्टिव्हेशन म्हणजे ती छिद्रं रसायनाने किंवा वाफेने उघडणं. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ ५०० ते १,५०० चौरस मीटर असतं. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म छिद्रं, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम. आयोडीनसारखा छोटा रेणू सूक्ष्म छिद्रांत सहज मावतो, पण रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ सारख्या लांबलचक रेणूला मध्यम छिद्रंच लागतात. त्यामुळे दुकानदार फक्त आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन धरतो) सांगत असेल तर पुढचा प्रश्न विचारा: मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा किंवा काकवीचा आकडा काय? मोठ्या रेणूंचा अंदाज त्यावरून येतो.

सोलापुरात कच्च्या मालाची ददात नाही. शेंगा फोडणाऱ्या गिरणीत टरफलं पोत्याने मिळतात, तुरीच्या काढणीनंतर तुराट्या बांधावर पडून असतात, साखर कारखान्यांत बगॅस आहे, वेडी बाभूळ तर सगळीकडे. ज्वारीच्या कडब्याला मात्र हात लावू नका. तो जनावरांचा चारा आहे आणि दुष्काळी वर्षात त्याची किंमत कुठल्याही कार्बनपेक्षा जास्त. शिवाय कडब्यात आणि बगॅसमध्ये सिलिका असते, त्यामुळे राख वाढते.

पहिल्या प्रयोगाला शेंगांची टरफलं घ्या. ती स्वस्त, एकसारखी आणि दळायला सोपी आहेत. त्यांचा कार्बन हलका आणि भुसभुशीत होतो, म्हणून तो फ्लास्कमधल्या प्रयोगालाच ठीक. कॉलममध्ये, म्हणजे ज्यातून पाणी सोडतात त्या उभ्या नळीत, भरायला टणक दाणे लागतात. त्यासाठी नारळाच्या करवंटीचा, बाजारात मिळणारा दाणेदार कार्बन घ्या. प्रयोगशाळेच्या मफल भट्टीत तसा दाणा करायला जाण्यात अर्थ नाही.

टरफलांपासून कार्बन

रीत फॉस्फोरिक आम्लाची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पृष्ठफळ जास्त मिळतं, पण त्याला ७०० ते ८०० अंश तापमान आणि नायट्रोजन लागतो, शिवाय ते भट्टीही खातं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

टरफलं दोन-तीन पाण्यांनी धुऊन माती काढा, उन्हात आणि मग १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवा. मिक्सरमध्ये फिरवून १ ते २ मिलिमीटरचा चुरा चाळून घ्या. पीठ करू नका. पिठाचा आम्लात लगदा होतो आणि पुढे गाळताना दमवतो.

चुरा ५० ग्रॅम. त्याला एकास एक वजनाने शुद्ध आम्ल हवं, म्हणजे ५० ग्रॅम. बाटलीतलं ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल मिलिलिटरला सुमारे १.४३ ग्रॅम शुद्ध आम्ल देतं, म्हणून ३५ मिलिलिटर मोजा. बीकरमध्ये आधी ६५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात हळूहळू आम्ल, कधीच उलट नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. या पाण्यात चुरा कालवून रात्रभर झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी १०५-११० अंशांवर वाळवा. ते पूर्ण कोरडं होत नाही. काळपट, चिकट, गुळाच्या पाकात घोळल्यासारखं दिसतं. एवढं पुरे.

आता पोर्सेलीनच्या मुशी निम्म्याच भरा. माल आधी फुगतो आणि मूस काठोकाठ भरली तर भट्टीच्या तळाला आम्ल सांडतं. झाकण घट्ट बसवा, भट्टी धुराड्याखाली ठेवा. तापमान मिनिटाला १० अंशांनी वाढवत ४५० अंशांपर्यंत न्या, तिथे एक तास धरा आणि भट्टी बंद करा. मूस दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. गरम असताना झाकण काढलं तर हवेचा झोत लागून कार्बन आतल्या आत लाल होतो आणि तासाभरात मुशीत नुसती राख उरते. पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त माल वाया जातो तो या घाईमुळे.

धुणं हे खरं कष्टाचं काम. आम्ल छिद्रांत अडकलेलं असतं, ते गरम डिस्टिल्ड पाण्यानेच निघतं. २०० मिलिलिटर गरम पाणी, दहा मिनिटं ढवळणं, गाळणं, पुन्हा तेच. गाळलेल्या पाण्याचा पीएच ६ च्या वर जाईपर्यंत आणि कंडक्टिव्हिटी डिस्टिल्ड पाण्याच्या जवळ येईपर्यंत थांबू नका. काही लिटर पाणी जातं. नुसत्या पीएचवर विसंबू नका, कारण नळाचं जड पाणी वापरलं तर पीएच लवकर सुधारतो आणि आम्ल आतच राहतं. अर्धवट धुतलेला कार्बन पुढे प्रत्येक फ्लास्कचा पीएच खाली ओढतो आणि मग निकाल कार्बनचा की आम्लाचा हेच कळत नाही. धुण्याचं आंबट पाणी चुन्याने उदासीन करून गाळ वेगळा काढा. फॉस्फेट तसंच नाल्यात गेलं तर शेवाळ माजतं.

शेवटी ११० अंशांवर रात्रभर वाळवा, हलक्या हाताने कुटा आणि ६० व १०० मेशच्या चाळण्यांमधला, म्हणजे साधारण १५० ते २५० मायक्रॉनचा भाग वेगळा करा. ५० ग्रॅम टरफलांतून २० ते २५ ग्रॅम कार्बन मिळाला तर प्रयोग नीट झाला. १० ग्रॅमच्या खाली आला तर हवा आत शिरली होती. बाटली घट्ट बंद ठेवा. कार्बन हवेतला ओलावा ओढतो आणि पावसाळ्यात तोललेल्या ५० मिलिग्रॅममध्ये पाणी किती हे सांगता येत नाही. तोलण्याआधी दर वेळी पुन्हा वाळवा.

ज्या आकड्याने बहुतेक प्रकल्प फसतात

कार्बनच्या पृष्ठभागाचा स्वतःचा प्रभार असतो आणि तो पाण्याच्या पीएचप्रमाणे बदलतो. ज्या पीएचला तो शून्य होतो त्याला शून्य-प्रभार बिंदू म्हणतात. त्याच्या वर पृष्ठभाग ऋण, खाली धन.

तो काढायला ०.१ मोलर मिठाचं पाणी करा, म्हणजे लिटरला ५.८५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड. नऊ फ्लास्कमध्ये ५०-५० मिलिलिटर ओता आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा कॉस्टिकचे थेंब टाकून पीएच २ ते १० असे लावा. प्रत्येकात ०.१५ ग्रॅम कार्बन टाकून झाकण लावा आणि ४८ तास हलवत ठेवा. सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच आलेखावर मांडा. जिथे दोन्ही सारखे, तो बिंदू.

फॉस्फोरिक आम्लाचा कार्बन आम्लधर्मी असतो, त्याचा हा बिंदू खाली येतो. म्हणजे साध्या पाण्यात त्याचा पृष्ठभाग ऋण. मेथिलीन ब्लू हा धन प्रभाराचा रंग असल्यामुळे तो झपाट्याने चिकटतो, आकडा सुंदर येतो आणि प्रकल्पाच्या अहवालात तोच छापला जातो. पण सोलापूरच्या हौदात रिॲक्टिव्ह रंग आहे, ऋण प्रभाराचा. ऋणाला ऋण दूर ढकलतं. मेथिलीन ब्लूवर उत्तम ठरलेला कार्बन त्या पाण्यावर निम्माही चालत नाही. मेथिलीन ब्लू हा हात बसवण्यासाठी आणि कार्बनांची आपापसांत तुलना करण्यासाठी आहे. त्यावरचा आकडा दाखवून कुणालाही त्याच्या कारखान्याच्या पाण्याचं आश्वासन देऊ नका.

रिॲक्टिव्ह रंगासाठी दोन वाटा. पाण्याचा पीएच खाली आणा, किंवा ज्याचा बिंदू ८ च्या वर आहे आणि ज्याला मध्यम छिद्रं भरपूर आहेत असा वाफेने ॲक्टिव्हेट केलेला कार्बन घ्या. दुसरी वाट कारखान्याला परवडते, कारण रोज आम्ल ओतण्याचा खर्च आणि धोका दोन्ही टळतात.

मोजायला शिका

मेथिलीन ब्लूची पावडर बहुधा तीन रेणू पाणी धरून असते. लिटरला १,००० मिलिग्रॅम शुद्ध रंग हवा असेल तर १.१७ ग्रॅम पावडर घ्यावी लागते. बाटलीवरचं सूत्र वाचा आणि तुम्ही काय धरलंत ते वहीत लिहा.

या मूळ द्रावणातून लिटरला १, २, ३, ४ आणि ५ मिलिग्रॅमची द्रावणं करा. स्पेक्ट्रोफोटोमीटर ६६४ नॅनोमीटरवर लावून वाचन घ्या. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये १ मिलिग्रॅमला वाचन ०.२ च्या आसपास येतं. रेषा शून्यातून सरळ जायला हवी. वाचन १ च्या वर गेलं की पातळ करून पुन्हा घ्या; दाट द्रावणात या रंगाचे रेणू जोडीने राहतात आणि रेषा वाकते. हा रंग काचेला आणि प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला चिकटतो. पातळ द्रावणापासून दाटाकडे जा आणि मधून क्युव्हेट अल्कोहोलने धुवा.

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चं शिखर ६०० नॅनोमीटरच्या किंचित खाली, ५९७ च्या जवळ येतं; तुमच्या यंत्रावर स्कॅन करून नेमकं पाहा. हा रंग थेट डब्यातून वापरू नका. कारखान्याच्या पाण्यात असतो तो हायड्रोलाइज झालेला रंग. लिटरला एक ग्रॅम रंग घ्या, कॉस्टिकने पीएच ११-१२ करा, ८० अंशांवर दीड-दोन तास ठेवा, थंड करून पीएच ७ वर आणा. आता तो हौदातल्या पाण्याशी जुळतो. काँगो रेड टाळा. तो बेन्झिडीनपासून बनतो, बेन्झिडीनने कर्करोग होतो, आणि पीएच बदलला की त्याचा रंगही बदलतो, त्यामुळे मोजमाप फसतं.

फ्लास्कमधला प्रयोग

१०० मिलिलिटरच्या कोनिकल फ्लास्कमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅमचं ५० मिलिलिटर द्रावण. त्यात ०.०५० ग्रॅम कार्बन, चार दशांश स्थळांच्या तराजूवर तोललेला. शेकर मिनिटाला १५० फेऱ्यांवर, तापमान ३० अंशांवर बांधून. सोलापुरात हे बांधणं गरजेचं आहे. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-४० अंशांवर असते, जानेवारीत सकाळी वीसच्या आसपास. उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला आकडा एकाच तक्त्यात बसवला तर फरक कार्बनचा की हंगामाचा ते कळत नाही.

प्रत्येक वेळेसाठी वेगळा फ्लास्क लावा: ५, १०, २०, ३०, ६०, १२०, २४० मिनिटं आणि २४ तास. एकाच फ्लास्कमधून वारंवार नमुना काढला तर पाणी आणि कार्बन यांचं प्रमाण बिघडत जातं. मेथिलीन ब्लू दोन-तीन तासांत थांबतो. रिॲक्टिव्ह रंगाचा मोठा रेणू आत सरकायला वेळ घेतो. त्याला बारा ते चोवीस तास द्या.

नमुना गाळण्यासाठी साधा फिल्टर पेपर वापरू नका. मेथिलीन ब्लू कागदालाच चिकटतो आणि कागदाचं काम कार्बनच्या नावावर जमा होतं. ४,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी पिपेटने उचला. त्यात काळे कण तरंगत असतील तर यंत्र त्यांनाही रंग समजतं. म्हणून ७५० नॅनोमीटरवरही एक वाचन घ्या. तिथे मेथिलीन ब्लूचं शोषण नगण्य असतं, त्यामुळे तिथे वाचन आलं तर ते कणांचं.

दोन साक्षीदार फ्लास्क कायम ठेवा: एकात रंग आहे पण कार्बन नाही, दुसऱ्यात कार्बन आहे पण रंग नाही. पहिला सांगतो की काचेने आणि उजेडाने किती रंग खाल्ला. खिडकीतल्या उन्हात मेथिलीन ब्लू आपोआप फिका पडतो. दुसरा सांगतो की कार्बनमधूनच पाण्यात काही उतरतं का.

हिशोब साधा. सुरुवातीची तीव्रता वजा शेवटची, गुणिले लिटरमधलं पाणी, भागिले ग्रॅममधला कार्बन. १०० चे ८ मिलिग्रॅम उरले तर ९२ गुणिले ०.०५, भागिले ०.०५, म्हणजे ग्रॅमला ९२ मिलिग्रॅम. ही कार्बनची क्षमता. "९२ टक्के रंग गेला" हे वाक्य एकटं निरुपयोगी आहे. कार्बन दुप्पट टाकला की टक्के वाढतात आणि ग्रॅममागची क्षमता घटते. दोन्ही आकडे सोबत द्या.

आयसोथर्म आणि त्याचा खरा उपयोग

कार्बन तेवढाच ठेवून रंग लिटरला २५, ५०, १००, १५०, २००, ३००, ४०० मिलिग्रॅम असा वाढवत न्या, प्रत्येकाचे तीन फ्लास्क लावा. शेवटी पाण्यात उरलेल्या तीव्रतेसमोर क्षमता मांडा. हा वक्र म्हणजे आयसोथर्म. लँगम्युअर आणि फ्रॉइंडलिक ही दोन समीकरणं बसवून पाहा, पण सरळ रेषेच्या रूपात नको. लँगम्युअरच्या नेहमीच्या रेषेत दोन्ही अक्षांवर तीच तीव्रता असते, त्यामुळे आर-वर्ग (रेषा किती जुळते ते सांगणारा आकडा) ०.९९ जवळजवळ फुकट मिळतो. मूळ वक्रावरच समीकरण बसवा. स्प्रेडशीटमधल्या सॉल्व्हरने ते होतं.

उत्तर शक्य कोटीतलं आहे का, हेही तपासा. मेथिलीन ब्लूचा रेणू सपाट पडला तर साधारण १.३ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. त्या हिशोबाने १,००० चौरस मीटर पृष्ठफळावर एका थरात सुमारे ४०० मिलिग्रॅम मावतात. तुमच्या कार्बनचं पृष्ठफळ ५०० आणि क्षमता ६०० निघाली तर आनंद करू नका, आधी पातळ करण्याचा गुणक तपासा.

आता कारखान्याचा हिशोब. उदाहरण घेऊ: रोज २०,००० लिटर पाणी, लिटरला ५० मिलिग्रॅम रंग, म्हणजे रोज एक किलो रंग. अहवालात कमाल क्षमता ग्रॅमला १०० आहे, म्हणून १० किलो कार्बन पुरेल असं वाटतं. पण सोडायच्या पाण्यात रंग २ मिलिग्रॅमवर आणायचा असेल तर वक्रावर २ समोरची क्षमता पाहावी लागते. ती ४० निघाली तर लागणारा कार्बन २४ किलो, जवळजवळ अडीचपट. हेच पाणी आधी फेरस सल्फेट-चुन्याने बसवून रंग १० वर आणलं, तर उरलेल्या ८ मिलिग्रॅमला रोज ४ किलो पुरतो. कार्बनची जागा शेवटी का, ते या एका आकड्यात आहे.

खरं पाणी

रंगाच्या हौदातलं पाणी गरम, खारं आणि पीएच १०-११ चं असतं. क्रम असा ठेवा: चोवीस तासांचं पाणी एका टाकीत एकत्र करणं, थंड होऊ देणं, हवा देणं, रसायनाने गाळ बसवणं, वाळूचा फिल्टर, मग कार्बन.

गाळ बसवण्याचा डोस जार टेस्टने ठरवा. सहा बीकरमध्ये एकेक लिटर. फेरस सल्फेट लिटरला २०० ते ८०० मिलिग्रॅम, चुन्याने पीएच ९-१०. एक मिनिट जोरात, वीस मिनिटं सावकाश ढवळा, अर्धा तास बसू द्या. सगळ्यात कमी डोसला स्वच्छ झालेला बीकर निवडा, सगळ्यात स्वच्छ बीकर नव्हे. जादा डोस म्हणजे जादा गाळ.

मग पीएच ७ कडे आणताना आम्ल थेंबाथेंबाने घाला. सोड्याच्या पाण्यात आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो आणि भरलेलं भांडं उतू जातं. ब्लीचिंगच्या पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर तो कार्बनचाच पृष्ठभाग खातो. स्टार्च-पोटॅशियम आयोडाइड कागद निळा झाला तर आधी क्लोरीन घालवा. खळीचं स्टार्च आणि टॉवेलला दिलेलं सॉफ्टनर रंगाआधी छिद्रांत जाऊन बसतात. म्हणून खऱ्या पाण्यात क्षमता शुद्ध द्रावणाच्या निम्मी-तिसरा हिस्सा आली तर हताश होऊ नका, आणि तोच आकडा छापा. कामाचा आकडा तोच आहे.

वस्त्रोद्योगासाठी २०१६ साली ठरलेल्या केंद्रीय मानकांत रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं प्रमाण), सीओडी (पाण्यातली घाण किती प्राणवायू मागते तो आकडा) २५० आणि एकूण विरघळलेले क्षार लिटरला २,१०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. तुमच्या संमतीपत्रात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने यापेक्षा कडक अट घातली असेल तर तीच पाळायची. आणि कार्बन मीठ काढत नाही. कार्बनमधून आलेलं पाणी काचेसारखं दिसलं तरी टीडीएस मीटर बुडवून पाहा. मीठ सगळं तिथेच आहे. ते दिसायला स्वच्छ आहे म्हणून ज्वारीला किंवा डाळिंबाला दिलं तर काळी जमीन हळूहळू चोपण होते.

छोटा कॉलम

आतून २५ मिलिमीटर व्यासाची काचेची नळी, तळाला काचेची लोकर, त्यावर दोन बोटं धुतलेली वाळू. करवंटीचा १२ × ४० मेशचा कार्बन डिस्टिल्ड पाण्यात उकळून रात्रभर भिजवा. छिद्रांतली हवा निघाली नाही तर कॉलममध्ये बुडबुडे अडकतात आणि पाणी एका बाजूने वाट काढतं. कार्बन पाण्यासकट ओता, नळी टिचक्या मारत ३० सेंटिमीटर थर करा. सुमारे १४७ मिलिलिटर जागा, ७०-७५ ग्रॅम कार्बन. वरून पुन्हा वाळू.

पंप नसेल तर सलाईनचा सेट चालतो. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मिनिटाला १०० थेंब ठेवले की ५ मिलिलिटर, म्हणजे पाण्याचा कार्बनशी संपर्क सुमारे अर्धा तास. वरच्या बाटलीतली पातळी उतरली की थेंबही मंदावतात, म्हणून दर दोन तासांनी बाहेर आलेलं पाणी मोजनळीत मोजा. रोज ७.२ लिटर पाणी लागेल, तेवढं एकाच दिवशी आणून ठेवा. थर कधीही कोरडा पडू देऊ नका.

बाहेरच्या पाण्यात आतल्या तीव्रतेच्या ५ टक्के रंग दिसला तो फुटीचा क्षण. तोपर्यंत किती लिटर गेलं, ते लिहा. फूट हिशोबापेक्षा खूप लवकर आली तर बहुतेक वेळा कारण वेग किंवा हवेचे बुडबुडे असतं, कार्बन नव्हे. कारखान्यात असे दोन कॉलम एकामागे एक जोडतात: पहिला पूर्ण भरेपर्यंत चालवायचा, दुसरा निसटलेला रंग धरतो. मग पहिल्यात नवा कार्बन भरून तो मागे जोडायचा. मोठ्या बंद टाकीत मात्र कुणालाही थेट उतरवू नका. ओला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो आणि आत गेलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो.

भरलेला कार्बन

रिॲक्टिव्ह रंगाने भरलेला कार्बन ०.१ मोलर कॉस्टिकने धुतला तर काही रंग सुटतो, पण तो पुन्हा पाण्यातच येतो आणि प्रत्येक फेरीला क्षमता घटते. दाणेदार कार्बन मोठ्या प्रमाणात असेल तर भट्टीत पुनर्जीवन करणाऱ्यांकडे पाठवता येतो. पावडरचं ते सहसा होत नाही.

वापरलेला कार्बन आणि बसलेला गाळ, दोन्हींना घातक अपशिष्टांचे २०१६ चे नियम लागू होतात. उकिरड्यावर, बांधावर किंवा विटभट्टीच्या जळणात तो द्यायचा नाही. उघड्यावर जाळला तर रंगातला गंधक आणि क्लोरीन धुरातून बाहेर पडतात. पाणी निथळवून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, पिशवीवर रंगाचं नाव, वजन आणि तारीख लिहा, छपराखाली पक्क्या फरशीवर ठेवा आणि मंडळाची परवानगी असलेल्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवून पावती जपून ठेवा. महाविद्यालयातल्या वीस ग्रॅमलाही वेगळा डबा ठेवा आणि तो भरला की प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यासोबत द्या.